फुफ्फुसाचा कर्करोग लहान आतड्यात: काकांच्या निमित्ताने काही प्रश्न

कुळागर, फोंडा · ११ जून, रात्री ९.२०

सर्वांना नमस्कार. माझ्या थोरल्या काकांच्या आजारपणाविषयी लिहीत आहे. काकांचे वय ६७. त्यांचा जन्म फेरीबोटीच्या इंजिनावर देखरेख करण्यात गेला आणि निवृत्तीपर्यंत विडी सुटली नाही. गेल्या पावसानंतर खोकला धरला. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूस डाग दिसला आणि थुंकीत जंतू सापडले नसतानाही एका खाजगी दवाखान्यात त्यांना अडीच महिने क्षयाची औषधे देण्यात आली. वजन घटत राहिले, तेव्हा सीटी स्कॅन व सुईने तुकडा काढून तपासणी झाली आणि जानेवारीत फुफ्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीसारख्या पेशींचा कर्करोग) असल्याचे निष्पन्न झाले. पेट स्कॅनमध्ये डावी अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरची) आणि दोन बरगड्या उजळल्या होत्या, म्हणजे निदानाच्या वेळीच आजार चौथ्या टप्प्यात होता. सुईने निघालेला तुकडा इतका लहान होता की नेमके औषध निवडण्यासाठीची जनुकीय तपासणी त्यावर होऊ शकली नाही आणि थांबायला वेळ नसल्याने केमो सुरू करण्यात आली.

तिसऱ्या केमोनंतर काकांचे हिमोग्लोबिन १०.८ वरून ७.१ वर आले. आम्ही सर्वांनी ते केमोच्या खाती टाकले. दोन पिशव्या रक्त चढवले, आठवड्याभरात आकडा पुन्हा खाली आला. जेवणानंतर बेंबीभोवती कळ येई, ती आम्ही पित्ताची समजलो. शौच काळी होत असल्याचे काकीच्या कानावर आले होते, पण लोहाच्या गोळ्या चालू असल्याने तिने ते मनावर घेतले नाही. पुढे वरून दुर्बीण घातली, किरकोळ जठरदाह निघाला. खालून घातली, मोठे आतडे स्वच्छ निघाले. दहा दिवसांनी उलट्या थांबेनात, तेव्हा केलेल्या सीटीमध्ये लहान आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला दिसला आणि त्याच्या टोकाशी गाठ होती. तातडीने शस्त्रक्रिया होऊन सुमारे वीस सेंटिमीटर आतडे काढण्यात आले. 'गाठ फुफ्फुसाच्या कर्करोगापासून आलेली' असा अहवाल काल हाती आला.

माझे प्रश्न असे. हा दुसरा कर्करोग नाही हे खात्रीने कसे ठरवतात? छातीतला आजार यकृत, मेंदू, हाडे यांत जातो हे ऐकून होतो, पण तो आतड्यात कसा उतरतो? आणि दोन दुर्बिणी घालूनही तो दिसला कसा नाही? ज्यांच्या घरी असे घडले आहे किंवा ज्यांना या विषयाचे ज्ञान आहे, त्यांनी कृपया लिहावे.

जुनी काचपट्टी, पणजी · ११ जून, रात्री ११.०५

मी निवृत्त विकृतिशास्त्रज्ञ आहे. उपचारांचा निर्णय आपले डॉक्टर घेतील. मी केवळ आपल्या तीन प्रश्नांपुरते लिहितो.

कर्करोगाला नाव मिळते ते तो ज्या अवयवाच्या पेशींतून निघाला त्यावरून. आतड्यात सापडलेली आपल्या काकांची गाठ फुफ्फुसाच्याच पेशींची आहे, म्हणून ती आतड्याचा कर्करोग ठरत नाही आणि तिच्यावर आतड्याच्या कर्करोगाची औषधेही लागू पडत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली अ‍ॅडिनोकार्सिनोमा कुठलाही असला तरी ग्रंथींसारखाच दिसतो; नुसत्या नजरेने फसगत होऊ शकते. म्हणून आयएचसी नावाच्या तपासणीत पेशींतील विशिष्ट प्रथिनांना रंग चढवला जातो. फुफ्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात बहुधा सीके ७, टीटीएफ-१ आणि नॅप्सिन-ए ही प्रथिने सापडतात, तर आतड्याच्या मूळ कर्करोगात सीके २० आणि सीडीएक्स २. आपल्या अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदात ही नावे असतील, ती पाहावीत. यालाही अपवाद आहेत. फुफ्फुसाचे चारांपैकी सुमारे तीन अ‍ॅडिनोकार्सिनोमाच टीटीएफ-१ दाखवतात आणि फुफ्फुसाच्या एका दुर्मीळ प्रकारात आतड्याची खूणही उमटते. त्यामुळे जानेवारीतील जुनी स्लाइड आणि आताची स्लाइड शेजारी ठेवून पाहणे हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग होय. दोन्ही ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) एकाच प्रयोगशाळेत न्यावेत असे मी आग्रहाने सुचवीन.

आता आतड्यात उतरण्याविषयी. पोटातील अवयवांचे रक्त आधी पोर्टल शिरेने यकृतात गाळले जाते, म्हणून मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरताना बहुधा प्रथम यकृतात अडकतो. फुफ्फुसातून निघालेले रक्त मात्र थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात येते आणि महाधमनीतून एकाच वेळी मेंदू, हाडे, अधिवृक्क ग्रंथी, यकृत आणि आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत शिरते. मध्ये कुठलीही गाळणी नसते. आतड्यात रुजलेली गाठ वाढून लक्षणे देऊ लागणे हे तरीही विरळाच. रुग्णांच्या नोंदींच्या मालिका पाहिल्या तर हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत भरते. परंतु फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्यांच्या शवविच्छेदनाच्या काही अभ्यासांत पचनमार्गात गाठी आढळण्याचे प्रमाण बारा ते चौदा टक्क्यांपर्यंत गेले आहे. या दोन आकड्यांमधल्या अंतराचा मी नोकरीभर विचार करीत आलो. त्यातले काही रुग्ण लक्षणांविना गेले असतील हे खरे. पण काहींची पोटदुखी आणि काहींचा रक्तक्षय केमोच्या नावावर खपला, असे मला मनापासून वाटते.

दुर्बिणीचे उत्तर शरीररचनेत आहे. वरची दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंत पोहोचते. खालची मोठे आतडे संपवून लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरांत डोकावते. या दोहोंच्या मध्ये सुमारे सहा मीटर लांबीचे लहान आतडे राहते आणि फुफ्फुसाचा कर्करोग पचनमार्गात उतरला की बहुतेक मालिकांत तो याच पट्ट्यात सापडतो. भरीस भर म्हणजे अशी गाठ प्रथम अस्तराखाली वाढते, वरून अस्तर धड दिसते. मध्यभाग कुजून व्रण पडला की रक्त झिरपू लागते. आतडे भरवून केलेला सीटी, गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल आणि फुग्याच्या साहाय्याने पुढे सरकणारी लांब दुर्बीण हे या पट्ट्यात पोहोचण्याचे उपाय आहेत. आतडे अरुंद झाल्याची शंका असल्यास कॅप्सूल देत नाहीत, कारण ती तेथेच अडकून बसते.

मांडवीकाठ · १२ जून, सकाळी ७.५०

डॉक्टरसाहेब, माझ्या वडिलांच्या पेट स्कॅनमध्ये संपूर्ण आतडे उजळलेले दिसले होते आणि आम्ही त्या रात्री जेवलो नव्हतो. ते मधुमेही आहेत. नंतर तो आजार नसल्याचे सांगण्यात आले. हे कसे?

जुनी काचपट्टी, पणजी · १२ जून, सकाळी ९.१५

मेटफॉर्मिन, ही मधुमेहाची गोळी. या औषधाने आतड्याच्या भिंतीत साखर अधिक शोषली जाते आणि पेट स्कॅन साखरेचाच माग काढत असल्याने लांबच्या लांब आतडे उजळते. अशा उजेडात खरी गाठ झाकली जाण्याचीही शक्यता असते, म्हणून स्कॅनच्या आधी डॉक्टरांना विचारून ही गोळी साधारण दोन दिवस थांबवतात. एका जागी साचलेला ठिपका आणि आतडेभर पसरलेला उजेड यांचा अर्थ निराळा असतो.

पांढरी साडी, मडगाव · १२ जून, दुपारी ३.३०

मी एकतीस वर्षे परिचारिका होते, त्यातील बराच काळ कर्करोगाच्या कक्षात गेला. कुळागर यांचा लेख वाचून अनेक चेहरे आठवले.

फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाचे पोट बिघडले की घरचे लोक दोनच टोके गाठतात: 'केमोमुळे आहे' म्हणून सोडून देणे, अन्यथा 'पोटात पसरला' म्हणून हाय खाणे. मधली पुष्कळ कारणे असतात आणि त्यातली बरीच उपचाराने बरी होणारी असतात. मॉर्फिनच्या गोळ्यांनी मलावरोध होतो, त्यामुळे गोळीसोबत सारक औषध पहिल्या दिवसापासून द्यावे लागते. रक्तातील कॅल्शियम वाढले की मळमळ, तहान, बद्धकोष्ठ आणि गुंगी येते. हे हाडांत पसरलेल्या आजारात आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या स्क्वॅमस नावाच्या प्रकारात अधिक दिसते. लघुपेशी या दुसऱ्या प्रकारात रक्तातील सोडियम घसरून उलट्या होतात; क्वचित त्याच प्रकारात शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे आतड्याच्या नसांवर चालून जातात आणि कुठलीही गाठ नसताना आतडे हालायचेच थांबते. दोन्ही अधिवृक्क ग्रंथी आजाराने व्यापल्या तर उलट्यांबरोबर रक्तदाब पडतो. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र घेणाऱ्याच्या जठरात व्रण होऊन काळी शौच होऊ शकते. छातीवर किरणोपचार चालू असताना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गिळताना आग होते, ती अन्ननलिकेच्या दाहामुळे. परंतु घास अडकतच राहिला, तर छातीतील लसीकाग्रंथींचा बाहेरून दाब पडत असण्याचा विचार करावा लागतो.

काळ्या शौचेविषयी दोन शब्द. लोहाच्या गोळीने शौच काळपट-हिरवी होते, परंतु घट्ट असते. रक्त पचून आलेली शौच डांबरासारखी चकचकीत, चिकट असते, पाण्याने सहज निघत नाही आणि तिला उग्र दर्प येतो. हा फरक ज्याने एकदा पाहिला आहे तो विसरत नाही, पण घरच्यांना तो कुणी सांगितलेलाच नसतो. काकींनी स्वतःला दोष देऊ नये.

आणि पोटदुखी अचानक असह्य झाली, पोट फळीसारखे कडक झाले, तर रात्र असो वा मुसळधार पाऊस, थेट रुग्णालय गाठावे. आतड्यातील गाठ कुजून भोक पडणे ही या आजाराची सर्वांत भयंकर गुंतागुंत आहे. रुग्ण स्टेरॉइडवर असेल तर पोट कडक होण्याची खूणही झाकली जाते.

मला एक विचारायचे आहे. काकांना यातले किती माहीत आहे?

कुळागर, फोंडा · १२ जून, रात्री १०.४०

आपण नेमके वर्मावर बोट ठेवलेत. काकांना 'छातीत गाठ आहे, औषधे चालू आहेत' एवढेच सांगितले आहे. आतड्याच्या शस्त्रक्रियेला आम्ही 'आतड्याला पीळ पडला होता' असे नाव दिले. घरातील थोरांचा निर्णय तसा होता आणि त्यात प्रेमच होते.

अहवाल पाहिला. टीटीएफ-१ व सीके ७ सकारात्मक, सीके २० व सीडीएक्स २ नकारात्मक. डॉक्टरसाहेबांचे आभार.

पांढरी साडी, मडगाव · १३ जून, सकाळी ६.४५

रागावू नये, पण स्पष्ट लिहिते. ज्याला आपल्याला काय झाले आहे हे ठाऊक नाही, त्याला आपल्या शरीरातील कोणती गोष्ट सांगण्याजोगी आहे हेही ठाऊक नसते. काळी शौच, भूक मरणे, जेवणानंतरची कळ, या सगळ्या त्याच्या एकट्याच्या जागेत घडणाऱ्या गोष्टी आहेत. आपण कितीही जवळ बसलो तरी त्या आपल्याला दिसत नाहीत. त्यांना सर्व आकडे सांगण्याची गरज नाही. त्यांना किती जाणून घ्यायचे आहे हे आधी त्यांनाच विचारावे आणि तेवढेच खरे सांगावे.

वाळपईकर · १३ जून, सकाळी ११.००

आमच्या भागात एक वैद्य मुळ्यांचा काढा देतात. पोटातील गाठी विरघळतात असा अनुभव आहे. हवे असल्यास पत्ता देईन.

जुनी काचपट्टी, पणजी · १३ जून, सकाळी ११.४०

आपला हेतू चांगला आहे याविषयी शंका नाही. परंतु शस्त्रक्रियेत आतडे नुकतेच जोडलेले, हिमोग्लोबिन खाली आणि पुढे यकृतावाटे निचरा होणारी औषधे सुरू व्हायची, अशा रुग्णाला घटक माहीत नसलेला काढा देणे धोक्याचे आहे. यकृताचे आकडे बिघडले तर ते काढ्याने, औषधाने की आजाराने, हे ओळखता येत नाही आणि मुख्य उपचार लांबतो. कृपया पत्ता देऊ नये.

खाणपट्टा, डिचोली · १३ जून, दुपारी १.२५

थोडे अवांतर होईल. आमच्याकडे लोह खनिजाच्या धुळीत आयुष्ये गेली. त्या धुळीनेही हा कर्करोग होतो का?

जुनी काचपट्टी, पणजी · १३ जून, दुपारी २.१०

जमिनीखालच्या हेमटाइट (लोह खनिज) खाणींतील कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगजनक ठरवले आहे, मात्र तेथे साचणारा रेडॉन वायू हे त्यामागचे मुख्य कारण आहे. आपल्या खाणी उघड्या आहेत. स्फटिकरूप सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे, पण एखाद्या धुळीत ती किती हे मोजल्याशिवाय कळत नाही. काकांच्या बाबतीत विडी पुरेशी आहे. यावर वेगळी चर्चा व्हावी.

केवणी, म्हापसा · १३ जून, सायंकाळी ७.३०

माझ्या आईचा अनुभव लिहिते, कारण त्यात कुळागर यांच्या कामाची एक गोष्ट आहे. आईने आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता. तिचा आजार यकृतात पसरलेला सापडला. आम्ही कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून परळला टाटा रुग्णालयात गेलो आणि दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिलो. तेथे यकृतातल्या गाठीचाच तुकडा काढून जनुकीय तपासणी करण्यात आली. मी विचारले, आजार फुफ्फुसाचा, मग तुकडा यकृताचा कसा चालतो? डॉक्टर म्हणाले, पेशी त्याच आहेत, जिथून पुरेशा आणि सुरक्षितपणे मिळतील तिथून घ्याव्यात. ईजीएफआर जनुकात बदल निघाला आणि त्या बदलावर चालणारी गोळी सुरू झाली. त्या गोळीने जुलाब होत, पण ते आवाक्यात राहिले आणि आईने त्यानंतर तीन चवथी पाहिल्या.

आपण लिहिले आहे की जानेवारीतील तुकडा तपासणीस अपुरा होता. आता तर शस्त्रक्रियेत अख्खी गाठ निघाली आहे! ती वाया जाऊ देऊ नये.

जुनी काचपट्टी, पणजी · १३ जून, रात्री ८.१५

केवणीताईंनी जे लिहिले ते मी परवाच लिहायला हवे होते. आतड्यातील गाठीचा ब्लॉक मागून ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ ही जनुके आणि पीडी-एल१ हे प्रथिन यांच्या तपासण्या कराव्यात. शक्य असल्यास अनेक जनुके एकत्र पाहणारी विस्तृत तपासणी करावी. भारतीय रुग्णांच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात साधारण चारांपैकी एकात ईजीएफआरचा बदल सापडतो. विडी ओढणाऱ्यांत तो कमी आढळतो, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ब्लॉक रुग्णाच्या मालकीच्या अहवालाइतकाच महत्त्वाचा असतो. तो मागण्यासाठी साधा अर्ज पुरतो.

आजार चौथ्या टप्प्यातला आहे आणि आतड्यातील गाठ काढल्याने तो टप्पा बदलत नाही, हेही मनाशी असू द्यावे. शस्त्रक्रियेने अडथळा व रक्तस्राव थांबला. पुढचा काळ संपूर्ण शरीरात पोहोचणाऱ्या औषधावर अवलंबून आहे. जुन्या अहवालांत आतड्यात पसरलेल्या रुग्णांचे आयुष्य काही महिन्यांतच मोजलेले आढळते. ते बहुतांशी या औषधांच्या आधीच्या काळातील आहेत.

पेजेचे भांडे, पेडणे · १४ जून, सकाळी ८.००

आहाराविषयी कुणी लिहिले नाही म्हणून लिहिते. मी आहारतज्ज्ञ आहे. आतडे कापून जोडल्यावर पहिले काही आठवडे थोडे-थोडे, दिवसातून सहा-सात वेळा द्यावे. उकड्या तांदळाची पेज ही आपली हक्काची गोष्ट आहे, पण नुसत्या पेजेवर माणूस उभा राहत नाही. तीत शिजवून घोटलेली मुगाची डाळ, अंडे किंवा काटे काढलेली मऊ मासळी घालावी. नाचणीचे तिझण चालेल, गाळून घ्यावे. फणस, काजू आणि तंतुमय भाज्या सध्या दूर ठेवाव्यात. वीस सेंटिमीटर आतडे गेल्याने पोषणशक्तीत मोठा फरक पडत नाही, इतकी सहा मीटरांत जागा असते. ही भीती काकींच्या मनात असेल तर काढून टाकावी.

कुळागर, फोंडा · ६ जुलै, रात्री ९.५०

सर्वांचे ऋण मोठे आहे. घडले ते लिहितो.

ब्लॉक मिळाला आणि तपासणीस गेला. ईजीएफआर, एएलके व आरओएस-१ तिन्ही नकारात्मक आले. पीडी-एल१ मात्र ७० टक्के आहे. त्यामुळे बांबोळीच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी इम्युनोथेरपी (रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध जागे करणारे औषध) सुचवली. खर्चाची जुळवाजुळव चालू आहे, पहिली मात्रा २ जुलैला झाली. या औषधाने रोगप्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटू शकते, त्यामुळे जुलाब झाल्यास घरगुती उपाय न करता त्याच दिवशी कळवावे, अशी त्यांनी सक्त ताकीद दिली आहे.

त्याआधी, शस्त्रक्रियेचे टाके निघाल्यावर, मी काकांजवळ बसून विचारले की त्यांना आजाराविषयी किती जाणून घ्यायचे आहे. ते म्हणाले, "इंजिन कशाने गरम होते ते सांगितल्याशिवाय मी कधी बोट सोडली नाही." मग सांगितले. कर्करोग हा शब्द त्यांना आधीच माहीत होता. रुग्णालयाच्या दारावरची पाटी त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती. नवे होते ते एवढेच की पोटातील त्रासाचा आणि छातीचा संबंध आहे. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले की डांबरासारखी शौच शस्त्रक्रियेपूर्वी जवळजवळ एक महिना होत होती. काकीला त्यांनी एकदाच, तेही ओझरते सांगितले होते. मूळव्याध असेल, त्यापायी केमोची तारीख पुढे जाईल, या भीतीने त्यांनी नंतर तोंड उघडले नव्हते.

पांढरी साडी यांना हे मुद्दाम कळवायचे होते.

आता काकांनी स्वतः वही घातली आहे. बोटीवर तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान लिहीत असत तशाच रेघा आखून त्यांनी रकाने पाडले आहेत: वेळ, खाल्ले काय, कळ आली का, शौच किती वेळा, रंग. आजच्या पानावर शौच दोन वेळा, रंग पिवळट, कळ नाही असे आहे आणि शेवटच्या रकान्यात कालच्या तपासणीतील हिमोग्लोबिन ९.४. पुढील मात्रा २३ जुलैला आहे. त्या वेळी डॉक्टरांना वहीतील आणखी कोणती नोंद उपयोगी पडेल, हे पांढरी साडी यांनी सवडीने सांगावे. काकांनी एक रकाना रिकामा ठेवला आहे.

पांढरी साडी, मडगाव · ७ जुलै, सकाळी ६.३०

वजन. दर सोमवारी, सकाळी, त्याच काट्यावर.